अमेरिकेत एफ-१ व्हिसावर काम: कोणती परवानगी, कधी आणि कोणत्या क्रमाने

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर ऑगस्टमध्ये अमेरिकेत उतरलेली मुलं सप्टेंबर उजाडेपर्यंत एकच प्रश्न विचारायला लागतात: काम कधीपासून करता येईल? उत्तर बहुतेक वेळा व्हॉट्सॲप ग्रुपवर एखादा सिनिअर देतो. ते त्याच्यापुरतं खरंही असतं. पण त्याचं सेमिस्टर, त्याचा कोर्स, त्याच्या आय-२० वरच्या, म्हणजे विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेल्या दाखल्यावरच्या, तारखा वेगळ्या असतात. मी पाहिलेल्या बहुतेक चुका लबाडीतून झालेल्या नाहीत. क्रम चुकल्यामुळे झाल्या आहेत. काम आधी सुरू झालं, कागद मागून आला.

इथे पैसे भरून किंवा माफी मागून प्रकरण मिटत नाही. क्रेडिट कमी पडले किंवा आय-२० ची मुदत वाढवायची राहिली आणि स्टेटस, म्हणजे विद्यार्थी म्हणून राहण्याचा कायदेशीर दर्जा, गेलं, तर ते परत मिळवण्यासाठी रीइन्स्टेटमेंटचा अर्ज करता येतो. मात्र परवानगी नसताना काम केलेलं असेल, तर त्या अर्जाची पात्रताच उरत नाही. म्हणून हा लेख टप्प्याटप्प्याने वाचा, आणि प्रत्येक टप्प्यावर स्वतःचा आय-२० शेजारी ठेवा.

## टप्पा १: अर्ज करण्याआधी तीन गोष्टी तपासा

पहिली, प्रोग्राम एंड डेट. ती आय-२० च्या पहिल्या पानावर असते. ऑन-कॅम्पस काम, सीपीटी (शिकत असतानाची बाहेरची इंटर्नशिप), ओपीटी (मुख्यतः शिक्षण संपल्यानंतरच्या कामाची परवानगी) या सगळ्यांची गणितं याच तारखेवर बसतात. पदवीदान समारंभाची तारीख किंवा शेवटच्या पेपरची तारीख इथे कामाची नाही. ही तारीख चुकीची वाटली तर आत्ताच डीएसओकडे जा. डीएसओ म्हणजे तुमच्या विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसमधला तो अधिकारी, ज्याला सेव्हिस या सरकारी नोंदप्रणालीत तुमची माहिती बदलता येते. नोकरीच्या परवानगीबाबत प्राध्यापकाचा शब्द, एचआरचा शब्द, सिनिअरचा शब्द सल्ला म्हणून ऐका. नोंद फक्त डीएसओ करतो.

दुसरी, सीआयपी कोड, म्हणजे विषयाचा सरकारी क्रमांक. हाही पहिल्याच पानावर, मेजरच्या शेजारी असतो. कॉम्प्युटर सायन्ससाठी तो ११.०७०१ असा दिसतो. पुढे ओपीटीला जोडून विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांसाठीचं दोन वर्षांचं स्टेम एक्स्टेन्शन मिळणार की नाही हे विषयाच्या नावावर ठरत नाही, या कोडवर ठरतं. एकाच नावाच्या दोन कोर्सना दोन विद्यापीठांत वेगवेगळे कोड असू शकतात. हे शेवटच्या सेमिस्टरला कळलं तर हातात काही उरत नाही.

तिसरी, नाव. आपल्याकडच्या अनेक पासपोर्टांवर गिव्हन नेमच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं, दोन्ही नावं एकत्र असतात. मग मुलं एका फॉर्मवर वडिलांचं नाव मिडल नेम म्हणून लिहितात, दुसऱ्यावर गाळतात, तिसऱ्यावर नुसतं अक्षर टाकतात. सोशल सिक्युरिटी कार्डावर एक नाव, वर्क परमिटवर दुसरं, पगाराच्या नोंदीत तिसरं, असा गुंता मग वर्षानुवर्षं सुटत नाही. पासपोर्टवर जसं आहे, त्याच रकान्यात, तसंच्या तसं लिहा.

> तपासणी: आय-९४, म्हणजे अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद, सीबीपी या सीमा खात्याच्या संकेतस्थळावरून डाउनलोड करा. त्यावर प्रवेशाचा वर्ग एफ-१ आणि मुदतीच्या जागी डी/एस (म्हणजे स्टेटस टिकेपर्यंत) आहे का पाहा. नाव आणि पासपोर्ट क्रमांकही जुळवा. चूक असेल तर ती नोकरीचा प्रश्न उभा राहण्याआधी दुरुस्त करून घ्या.

## टप्पा २: कशाला 'काम' म्हणतात ते नीट समजून घ्या

पगार बँकेत आला तरच काम, असा एक समज आहे. तो धोक्याचा आहे. श्रमाच्या बदल्यात रोख, चेक, जेवण, राहायची जागा, काहीही मिळालं तरी ते काम धरलं जाऊ शकतं. पेट्रोल पंपावरची रात्रपाळी रोखीने केली म्हणून ती अदृश्य होत नाही. ॲपवरून टॅक्सी चालवणं, घरोघरी जेवण पोचवणं, ऑनलाइन फ्रीलान्स प्रोजेक्ट, अमेरिकेत बसून यूट्यूब चॅनलवर कमाई करणं, यातलं काहीही साध्या एफ-१ वर बसत नाही. मुदत ठेवीचं व्याज किंवा शेअर्समधला नफा हे गुंतवणुकीचं उत्पन्न आहे, काम नव्हे. त्यावर कर लागू शकतो, पण स्टेटसला त्याने धक्का लागत नाही.

दोन प्रसंग वारंवार विचारले जातात. पहिला: पुण्यातल्या जुन्या कंपनीचं काम अमेरिकेतल्या खोलीत बसून करावं का, पगार तर रुपयांत भारतातच जमा होतो? पैसा कुठे पडतो यापेक्षा काम करताना तुम्ही कुठे बसला आहात, याला इथे वजन आहे. अनेक डीएसओ स्पष्ट नको म्हणतात. माझंही मत तेच आहे. नाइलाज असेल तर आधी इमिग्रेशन वकिलाचं लेखी मत घ्या.

दुसरा: बिनपगारी इंटर्नशिप. 'पैसे घेत नाही, मग परवानगी कशाला?' जे काम एरवी पगार देऊन करून घेतलं जातं, ते फुकट केलं म्हणून सेवाभावी ठरत नाही. देवळात, फूड बँकेत, महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात हातभार लावणं वेगळं, आणि एखाद्या कंपनीचा कोड तीन महिने फुकट लिहून देणं वेगळं.

> इशारा: एफ-२, म्हणजे विद्यार्थ्याच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर आलेल्या जोडीदाराला कसलंही काम करता येत नाही. घरून डबे करून विकणं, पैसे घेऊन शेजारच्यांची मुलं सांभाळणं, हे सगळं यात येतं. ओळखीच्या चार घरांत चालतं म्हणून ते नियमात बसतं असं नाही.

## टप्पा ३: ऑन-कॅम्पस काम

पहिल्या दिवसापासून उपलब्ध असलेला मार्ग हाच. लायब्ररी, डायनिंग हॉल, लॅब, ग्रेडर, टीचिंग किंवा रिसर्च असिस्टंटशिप, सगळं यात येतं. नव्या विद्यार्थ्याला वर्ग सुरू होण्याच्या ३० दिवस आधीपासून काम सुरू करता येतं. यूएससीआयएस या इमिग्रेशन खात्याकडे अर्ज लागत नाही. तरीही डीएसओला कळवून मगच सुरू करा, कारण बऱ्याच विद्यापीठांची स्वतःची लेखी संमतीची पद्धत असते.

कॅम्पसवर असलेलं प्रत्येक दुकान मात्र ऑन-कॅम्पस ठरत नाही. पुस्तकांचं दुकान किंवा कॅफेटेरिया खासगी कंपनी चालवत असली आणि ती विद्यार्थ्यांना थेट सेवा देत असली, तर चालतं. कॅम्पसवर नवी इमारत बांधणाऱ्या कंत्राटदाराकडचं काम चालत नाही, कारण ती सेवा विद्यार्थ्यांना थेट मिळत नाही.

सर्वांत जास्त गोंधळ २० तासांचा. सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तास ही सगळ्या नोकऱ्यांची मिळून मर्यादा आहे. समजा ग्रेडरचे १२ तास आणि डायनिंग हॉलचे १० तास: बेरीज २२, म्हणजे उल्लंघन. दोन्ही विभागांना एकमेकांची कल्पना नसते आणि पगार दोन्हीकडून सुरळीत येतो, त्यामुळे हे लक्षातच येत नाही. सरासरीचा हिशेबही चालत नाही. या आठवड्यात २५ आणि पुढच्या आठवड्यात १५ असं करता येत नाही. तुमच्या विद्यापीठात आठवडा कुठल्या वारी सुरू होतो ते विचारून घ्या आणि फोनमध्ये स्वतःची नोंद ठेवा.

अधिकृत सुट्टीत, पुढच्या सत्रात शिकणार असाल तर, पूर्ण वेळ काम करता येतं. परीक्षेचा आठवडा मात्र सुट्टीत धरू नका. विद्यापीठ बदललं तर सेव्हिसची नोंद ज्या विद्यापीठाकडे आहे, तिथेच काम करता येतं.

> इशारा: प्रोग्राम एंड डेट उलटली की ऑन-कॅम्पस कामही थांबतं. त्यानंतरचे ६० दिवस राहण्यासाठी, आवराआवरीसाठी आणि पुढच्या अर्जासाठी असतात, कामासाठी नव्हेत. 'सर म्हणाले, लॅबचं उरलेलं दोन आठवड्यांत संपव' म्हणून मे महिन्याच्या अखेरीस पगारी तास भरणारी मुलं इथेच सापडतात.

## टप्पा ४: एसएसएन, आय-९ आणि पहिली पे-स्लिप

क्रम असा ठेवा.

1. नोकरीची ऑफर लेखी घ्या. एसएसएन, म्हणजे सोशल सिक्युरिटी नंबर, मिळवण्यासाठी आधी नोकरी लागते, उलट नाही.
2. नोकरी देणाऱ्या विभागाचं पत्र आणि डीएसओचं पत्र, दोन्ही मिळवा.
3. अमेरिकेत उतरल्यावर साधारण १० दिवस जाऊ द्या, म्हणजे तुमची नोंद सरकारी प्रणालींत पोचते. नोकरी सुरू होण्याच्या ३० दिवसांपेक्षा आधी अर्ज स्वीकारत नाहीत.
4. पासपोर्ट, आय-२०, आय-९४ आणि दोन्ही पत्रं घेऊन सोशल सिक्युरिटी ऑफिसात जा. मूळ कागद न्या, झेरॉक्स चालत नाही. फॉर्म एसएस-५.
5. आय-९ या कामाची पात्रता दाखवणाऱ्या फॉर्मचा पहिला भाग कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत भरा, आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कागद दाखवा.

कार्ड यायची वाट पाहत घरी बसायची गरज नाही. अर्ज केलेला असेल तर काम सुरू करता येतं. नंबर आल्यावर पेरोलला कळवा.

आता पहिली पे-स्लिप उघडा आणि दोन ओळी शोधा: सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर. दोन्ही मिळून ७.६५ टक्के, म्हणजे १,००० डॉलरवर ७६ डॉलर ५० सेंट. एफ-१ विद्यार्थी पहिली पाच कॅलेंडर वर्षं सहसा करासाठी नॉन-रेसिडेंट असतो, आणि या काळात परवानगीने केलेल्या कामावर हे दोन कर लागत नाहीत. कॅलेंडर वर्षं म्हटलं आहे, हे लक्षात ठेवा: ऑगस्ट २०२४ मध्ये आलात तर २०२४ हे पूर्ण वर्ष धरलं जातं आणि पाचवं वर्ष २०२८. ऑन-कॅम्पस पेरोलला हे ठाऊक असतं. खरा घोळ ओपीटीवर छोट्या कंपनीत लागल्यावर होतो. कापले गेले तर आधी कंपनीकडेच परत मागा. तिने नकार दिला तर आयआरएस या कर खात्याकडे फॉर्म ८४३ ने मागता येतात.

फेडरल इन्कम टॅक्स मात्र लागतो. रिटर्न फॉर्म १०४०-एनआर वर भरा. रेसिडेंटसाठीच्या लोकप्रिय सॉफ्टवेअरमधून साधा १०४० भरून मोठा रिफंड मिळवणं ही आपल्या मुलांची ठरलेली चूक आहे. भारत-अमेरिका कर करारातल्या कलम २१(२) मुळे भारतीय विद्यार्थ्याला १०४०-एनआर वरही स्टँडर्ड डिडक्शन घेता येतं. इतर बहुतेक देशांच्या मुलांना ते मिळत नाही. उत्पन्न शून्य असलं तरी फॉर्म ८८४३ भरायचा असतो.

## टप्पा ५: सीपीटी, म्हणजे शिकत असतानाची बाहेरची इंटर्नशिप

बाहेरच्या कंपनीत समर इंटर्नशिप करायची तर सहसा हाच मार्ग. अट अशी की एक पूर्ण शैक्षणिक वर्ष फुल-टाइम शिकून झालेलं असावं, आणि काम अभ्यासक्रमाचा भाग असावं. ज्या पदव्युत्तर कोर्सला पहिल्या सत्रापासूनच प्रत्यक्ष काम सक्तीचं आहे, त्यांना वर्षाची अट नाही. पहिल्या दिवसापासून सीपीटी देणारी जी विद्यापीठं जाहिरात करतात ती याच अपवादावर उभी आहेत. पुढे एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या वेळी अशा सीपीटीची कसून चौकशी होते, म्हणून फक्त नोकरी टिकवण्यासाठी तो रस्ता धरू नये, असं माझं ठाम मत आहे.

क्रम:

1. आधी ॲडव्हायझरला भेटा. तुमच्या विभागात इंटर्नशिप कोणत्या कोर्सखाली नोंदवतात, किती क्रेडिट, नोंदणीची शेवटची तारीख कोणती, हे ऑफर यायच्या आधीच, फेब्रुवारीतच विचारून ठेवा.
2. ऑफर लेटर नीट घ्या. त्यावर पद, कामाचं स्वरूप, सुरू व संपण्याची तारीख, आठवड्याचे तास आणि कामाच्या जागेचा पत्ता हवा. 'जूनपासून' असं मोघम पत्र परत येतं.
3. कोर्सला नाव नोंदवा.
4. डीएसओकडे अर्ज करा. मे महिन्यात सगळं विद्यापीठ एकाच वेळी अर्ज करतं. किमान तीन आठवडे हाताशी ठेवा. यूएससीआयएसचा यात संबंध नाही आणि सरकारी फी नाही.
5. नवा आय-२० हातात घ्या आणि दुसरं पान वाचा. तिथे कंपनीचं नाव, जागा, फुल-टाइम की पार्ट-टाइम, आणि दोन तारखा असतात. पार्ट-टाइम म्हणजे २० तास किंवा कमी.
6. मग काम सुरू करा.

पाचव्या आणि सहाव्या पायरीची अदलाबदल हीच सगळ्यात महाग चूक. एक उदाहरण घ्या. आय-२० वर सुरुवात ३ जून. मॅनेजर शुक्रवारी मेल करतो, 'सोमवारी, २७ मेला ओरिएंटेशन आहे, फक्त लॅपटॉप घ्यायचा आणि व्हिडिओ पाहायचे.' मुलगा जातो. त्या दिवसाचा पगार पे-स्लिपवर येतो, आणि काही वर्षांनी एच-१बी च्या अर्जासोबत तीच पे-स्लिप आणि तोच आय-२० शेजारी-शेजारी ठेवले जातात. ट्रेनिंगही कामच. 'माझी अधिकृत तारीख ३ जून आहे, त्याआधी मला काहीही करता येणार नाही,' एवढं लिहून पाठवलं तर कुठलीही शहाणी कंपनी थांबते.

सीपीटी एका कंपनीपुरता असतो. कंपनी बदलली, तारीख वाढली, पार्ट-टाइमचं फुल-टाइम झालं, की आधी नवा आय-२०.

> तपासणी: फुल-टाइम सीपीटीचे दिवस मोजा. एका पदवी-पातळीवर १२ महिने किंवा जास्त झाले तर त्या पातळीचा ओपीटी पूर्ण जातो. पार्ट-टाइम सीपीटीने तो जात नाही. काठावर जाऊ नका. ११ महिन्यांच्या आत थांबा.

घरची आर्थिक स्थिती अचानक कोसळली, म्हणजे खर्च करणारी व्यक्ती गेली, रुपया कोसळला, वैद्यकीय खर्च अंगावर आला, तर एका शैक्षणिक वर्षानंतर यूएससीआयएसकडून कॅम्पसबाहेर २० तासांची वेगळी परवानगी मागता येते. पुराव्यांचं ओझं मोठं असतं आणि उत्तराला वेळ लागतो. खरोखर अशी वेळ आली तर संकोच न करता डीएसओला सांगा. अनेक मुलं लाजून गप्प बसतात आणि रोखीच्या कामाकडे वळतात.

## टप्पा ६: ओपीटीचा अर्ज

प्रत्येक पदवी-पातळीला एकूण १२ महिने. ही परवानगी यूएससीआयएस देतं, फॉर्म आय-७६५ वर, आणि हातात येतं ते ईएडी, म्हणजे वर्क परमिटचं कार्ड. अर्ज करताना नोकरी हातात असण्याची अट नाही. शिक्षण चालू असतानाही ओपीटी घेता येतो, पण तो या १२ महिन्यांतूनच वजा होतो. सीपीटी शक्य असेल तर हा का खर्च करावा?

खिडकी समजून घ्या. प्रोग्राम एंड डेटच्या ९० दिवस आधीपासून ६० दिवस नंतरपर्यंत अर्ज पोचायला हवा. समजा तुमची तारीख १५ मे २०२६ आहे. खिडकी उघडते १४ फेब्रुवारीला आणि मिटते १४ जुलैला. ओपीटी सुरू होण्याची जी तारीख तुम्ही निवडाल, ती १६ मे ते १४ जुलै यांच्यातच असावी लागते. याशिवाय तिसरी मुदत: डीएसओने सेव्हिसमध्ये शिफारस नोंदवल्यापासून ३० दिवसांत अर्ज यूएससीआयएसकडे पोचला पाहिजे. मुलं पहिल्या दोन मुदती पाठ करतात आणि ही तिसरी विसरतात.

लवकर भरा, असं मी आग्रहाने सांगते. फेब्रुवारीत भरलेला अर्ज काही त्रुटीमुळे परत आला, तर दुरुस्त करून पुन्हा भरायला महिने असतात. जुलैत भरलेला परत आला तर त्या पदवीचा ओपीटीच गेला. शिवाय ओपीटी प्रोग्राम एंड डेटपासून १४ महिन्यांत संपवावा लागतो. अर्ज उशिरा मंजूर झाला तर शेपटीचे महिने कापले जातात.

तारीख कोणती निवडायची? ऑफर हातात असेल तर जॉइनिंगच्या थोडी आधीची. ऑफर नसेल तर खिडकीच्या शेवटाकडची, कारण ओपीटीत नोकरीविना जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, आणि ते याच तारखेपासून मोजायला लागतात. अर्ज भरल्यावर ही तारीख बदलणं जिकिरीचं असतं, म्हणून दोन दिवस विचार करा.

भरण्याचा क्रम:

1. डीएसओकडे ओपीटीची विनंती.
2. ओपीटी शिफारस असलेला नवा आय-२०. त्यावर स्वतःची सही करा. बिनसहीचा आय-२० स्कॅन करून जोडणारे दर वर्षी भेटतात.
3. नवा काढलेला फोटो, दोन इंच बाय दोन इंच. व्हिसाचा जुना फोटो वापरू नका.
4. पासपोर्टचं माहितीचं पान, व्हिसा, ताजी आय-९४, आणि सीपीटी झाला असेल तर ते सगळे जुने आय-२०.
5. यूएससीआयएसच्या ऑनलाइन खात्यात आय-७६५. वर्ग निवडताना शिक्षण संपल्यानंतरच्या ओपीटीसाठी सी-३-बी. सी-३-ए हा शिक्षण चालू असतानाचा, सी-३-सी स्टेमचा.
6. फी त्या दिवशी यूएससीआयएसच्या पानावर पाहून भरा; ती बदलत असते.

> इशारा: दुसरी पायरी पूर्ण होईपर्यंत पाचवी पायरी करू नका. नव्या आय-२० शिवाय भरलेला अर्ज नाकारला जातो. आणि अर्ज भरताना तुम्ही अमेरिकेतच असायला हवं. परीक्षा संपल्यावर लगेच घरी जाऊन तिथून भरू, हा बेत करू नका.

कार्ड पोचेपर्यंत. माझ्या ओळखीतला एक प्रसंग. चार मुलं एका फ्लॅटमध्ये, भाडेकरार एकाच्याच नावावर, आणि पोस्टाच्या पेटीवर फक्त त्याच्याच आडनावाची चिकटपट्टी. बाकी तिघांपैकी एकाचं ईएडी आलं, पेटीवर नाव नाही म्हणून परत गेलं. नवं कार्ड यायला इतका वेळ लागला की जॉइनिंग पुढे ढकलावं लागलं, आणि बेरोजगारीचे दिवस तोवर मोजले जातच होते. अर्ज भरला त्याच दिवशी एका कागदावर चौघांची आडनावं पासपोर्टप्रमाणे लिहा आणि पेटीच्या आत व बाहेर चिकटवा. मध्येच घर बदललं तर १० दिवसांत डीएसओला आणि यूएससीआयएसच्या खात्यातही पत्ता बदला. पोस्टाच्या फॉरवर्डिंगवर भिस्त ठेवू नका.

मंजुरी आली तरी कार्डावरची सुरुवातीची तारीख उजाडेपर्यंत काम नाही.

## टप्पा ७: ओपीटी चालू असताना

काम तुमच्या विषयाशी थेट संबंधित हवं आणि आठवड्याला किमान २० तास हवं. एकापेक्षा जास्त नोकऱ्या, कंत्राटी काम, स्वतःचा व्यवसाय, हे सगळं पहिल्या वर्षाच्या ओपीटीत चालतं. काम विषयाशी कसं जुळतं, याच्या चार ओळी आजच लिहून मॅनेजरकडून ईमेलवर दुजोरा घ्या. तीन वर्षांनी तो मॅनेजर त्या कंपनीत नसेल.

नोकरी लागल्यावर १० दिवसांत सेव्हप या सरकारी विद्यार्थी विभागाच्या पोर्टलवर कंपनीची माहिती भरा. या पोर्टलचा ईमेल अनेकदा स्पॅममध्ये जातो आणि त्यातली लिंक कालबाह्य होते. नोकरी चालू असूनही पोर्टल रिकामं राहिलं, तर प्रणालीच्या नजरेत तुम्ही बेरोजगारच.

९० दिवसांत शनिवार-रविवार आणि भारतात घालवलेले दिवसही येतात. १ जुलैला ओपीटी सुरू झाला आणि नोकरी नाही, तर २८ सप्टेंबरला ९० दिवस भरतात. दोन नोकऱ्यांमधली दरीही याच खात्यात जमा होते.

> तपासणी: ओपीटीवर असताना भारतात जाणार असाल तर बॅगेत ईएडी, ऑफर लेटर किंवा नोकरीचं पत्र, चालू व्हिसा आणि सहा महिन्यांच्या आतली डीएसओची प्रवास-सही असलेला आय-२० आहे का? एरवी ही सही वर्षभर चालते. ओपीटीवर सहाच महिने.

## टप्पा ८: स्टेम एक्स्टेन्शन

आणखी २४ महिने. आयुष्यात दोनदा, दुसऱ्यांदा वरच्या पातळीच्या पदवीवर. कंपनी ई-व्हेरिफाय या कामाची पात्रता तपासणाऱ्या सरकारी प्रणालीत नोंदलेली हवी. हे एचआरला विचारा आणि कंपनीचा ई-व्हेरिफाय क्रमांकच मागा, कारण फॉर्ममध्ये तो लागतो. 'हो, आम्ही सगळं करतो' हे उत्तर पुरेसं नाही.

मुख्य काम फॉर्म आय-९८३ चं, म्हणजे प्रशिक्षणाच्या आराखड्याचं. मुलं कुणाचा तरी भरलेला फॉर्म मागून नावं बदलतात. तसं करू नका. काय शिकणार, कोण शिकवणार, प्रगती कशी तपासणार, हे तुमच्या खऱ्या कामावरून लिहा. पहिल्या वर्षी चाललेलं बिनपगारी काम इथे चालत नाही, आणि स्वतःच्या स्टार्टअपचा आय-९८३ स्वतःच सही करून देता येत नाही.

अर्ज ओपीटी संपण्याच्या ९० दिवस आधीपासून करता येतो, आणि डीएसओच्या शिफारशीपासून ६० दिवसांत पोचायला हवा. ओपीटी संपण्याआधीच पोचायला हवा. इथे नंतरची सवलत नाही. वेळेत भरला आणि उत्तर आलं नाही, तर १८० दिवसांपर्यंत काम चालू ठेवता येतं. बेरोजगारीची मर्यादा पहिल्या वर्षाचे दिवस धरून एकूण १५० होते.

मंजुरीनंतर मुलं सुस्तावतात. दर सहा महिन्यांनी माहितीला दुजोरा, पहिलं वर्ष संपताना आणि शेवटी स्व-मूल्यमापन, पगार, तास वा जबाबदारीत मोठा बदल झाला तर सुधारित आय-९८३, नोकरी बदलली तर १० दिवसांत नवा. मंजुरीच्याच दिवशी ६, १२, १८ आणि २४ महिन्यांच्या तारखा फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका.

## चूक होऊन गेली असेल तर

२० तासांच्या वर गेलात, तारखेआधी काम केलंत, किंवा रोखीचं काम केलंत. आधी काम थांबवा, त्याच दिवशी. पे-स्लिप, ईमेल, तासांची नोंद, काहीही डिलीट करू नका. डीएसओकडे जाण्याआधी इमिग्रेशन वकिलाशी बोला: डीएसओ तुमच्या बाजूचा असला तरी सेव्हिसमध्ये नोंद करणं त्याला बंधनकारक असतं, वकिलाशी झालेलं बोलणं गोपनीय राहतं. अनेक विद्यापीठांत विद्यार्थ्यांसाठी मोफत कायदा सल्ला केंद्र असतं. ते इमिग्रेशनची प्रकरणं घेत नसलं तरी ती घेणाऱ्या वकिलाकडे पाठवतं. आणि पुढच्या कुठल्याही अर्जात 'कधी परवानगीविना काम केलं आहे का' असा प्रश्न आला, तर तिथे वकिलाला विचारल्याशिवाय काहीही लिहू नका.